पन्नास पौंडांचे रहस्य

शेरलॉक होम्सचे नाव ठाऊक नाही, असा वाचक आपल्याकडे विरळाच. पण होम्स छापील पानावर अवतरला त्याच्या एक वर्ष आधी, १८८६ साली, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात भाड्याच्या घोडागाडीतल्या एका खुनाने वाचकांची झोप उडवली होती, हे मला फार उशिरा कळले. कादंबरी ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’. लेखक फर्गस ह्यूम.

ह्यूमचा जन्म इंग्लंडमधला, १८५९ चा, वाढला न्यूझीलंडमध्ये. शिकला वकिली, पण जीव नाटकात. मेलबर्नच्या नाटकवाल्यांनी दाद दिली नाही, तेव्हा त्याने एका पुस्तकविक्रेत्याला विचारले, ‘सध्या खपते काय?’ उत्तर आले, फ्रेंच लेखक गाबोरिओच्या रहस्यकथा. ह्यूमने त्या विकत आणून वाचल्या आणि तशी एक लिहून काढली. वसाहतीतला माणूस वाचण्याजोगे काय लिहिणार, म्हणून प्रकाशकांनी ती नाकारली. त्याने पदरमोड करून छापली आणि ती हातोहात खपली.

पुढे त्याने पुस्तकाचे हक्क अवघ्या ५० पौंडांना विकले. लंडनमध्ये पुस्तकाच्या लाखो प्रती गेल्या. त्यातली एक कवडीही त्याला मिळाली नाही. कॉनन डॉइलनेही पहिली होम्सकथा २५ पौंडांनाच विकली होती. पण होम्स हा नायक त्याच्याकडे राहिला आणि जन्मभर त्याला पैसा व कीर्ती देत गेला. ह्यूमने १८८८ मध्ये इंग्लंड गाठून शंभराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. तरी जगाच्या लेखी तो त्या एकाच पुस्तकाचा लेखक राहिला. १९३२ साली तो एसेक्समधल्या एका गावी वारला.

त्याला वेडा ठरवणे सोपे आहे. पण हातात रोकड नसलेल्या माणसाला समोरचे ५० पौंड उद्याच्या लाखांपेक्षा मोठे दिसतात. आपल्याकडे एकरकमी मानधन घेऊन कायमचे हक्क लिहून देणाऱ्या लेखकाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

लहानपणी वाचनालयातून मी आणलेल्या रहस्यकथांची पहिली पाने बहुधा फाटलेली असत. खुनी कोण, यासाठी रात्र जागवली. लिहिणारा कोण, हे विचारलेच नाही. ह्यूमची गोष्ट वाचून त्याची लाज वाटली. घरातल्या मुलाच्या हाती रहस्यकथा दिसली, तर शेवट विचारू नका. लेखकाचे नाव विचारा.