पार्थेनॉनची तुटलेली मिरवणूक

१/ अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरील पार्थेनॉनच्या शिल्पांचा वाद बहुधा मालकी हक्काच्या अंगाने मांडला जातो. मंदिराच्या रचनेकडे पाहिले, तर त्याहून मूलभूत प्रश्न उभा राहतो: एकसंध कल्पनेचे तुकडे दोन देशांत ठेवता येतात का?

२/ इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्याने अक्रोपोलिस जाळले. त्याच जागी इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात, पेरिक्लीसच्या नेतृत्वाखाली, अथेना देवीचे हे मंदिर उभे राहिले. स्थपती इक्टिनस व कॅलिक्रेटीस. शिल्पकामावर देखरेख फिडियसची.

३/ दर्शनी बाजूस आठ, लांबीच्या बाजूस सतरा स्तंभ. जोते मध्यभागी किंचित उचललेले, स्तंभ आतल्या बाजूस किंचित कललेले. प्रत्येक दगड समग्र आकृतीच्या हिशेबाने घडवलेला आहे.

४/ शिल्पांतही हीच शिस्त दिसते. स्तंभांच्या आड, गाभाऱ्याच्या बाह्य भिंतीवर वरच्या बाजूस सुमारे १६० मीटर लांबीचा शिल्पपट होता. नैर्ऋत्य कोपऱ्यातून निघालेली मिरवणूक दोन बाजूंनी पुढे सरकते आणि पूर्वेस, देवतांच्या सान्निध्यात, एकत्र येते. घोडेस्वार, बळीचे पशू, कुमारिका. आणि अखेरीस, बहुसंख्य अभ्यासकांच्या मते, देवीला अर्पण करावयाचे वस्त्र.

५/ १८०१ पासून ऑटोमन दरबारातील ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन याच्या माणसांनी यातील निम्म्याच्या आसपास शिल्पे उतरवून नेली. १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने ती ३५,००० पौंडांना विकत घेतली.

६/ परिणाम असा, की अथेना ज्या शिळेवर बसली आहे ती लंडनमध्ये आणि तिला लागून असलेली पोसायडन, अपोलो व आर्टेमिस यांची शिळा अथेन्समध्ये. पश्चिमेकडील दर्शनी त्रिकोणातील पोसायडनचे तर धडच दोन शहरांत विभागलेले आहे.

७/ ‘लंडनमध्ये ती जगाला पाहता येतात’ हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने मंदिरातला दारूसाठा उडाला, हेही खरे. परंतु २००९ पासून अथेन्समध्ये नवे संग्रहालय आहे. त्याचे शिल्पदालन मंदिराच्याच दिशेने वळवलेले असून काचेपलीकडे पार्थेनॉन दिसते. लंडनमधील शिळांच्या जागी तेथे प्लास्टरच्या प्रतिकृती आहेत.

८/ हे मंदिर निष्पाप नव्हते. मित्रराज्यांच्या खंडणीचा पैसाही त्याच्या उभारणीत होता. पण तो इतिहासही मिरवणूक सलग पाहिल्यावरच नीट वाचता येतो. १९६३ चा ब्रिटिश कायदा संग्रहालयाचे हात बांधतो. मात्र कायदा करणारी संसद तो बदलूही शकते. शिल्पे परत जावीत, याचे सर्वांत भक्कम कारण मंदिराच्या रचनेतच कोरलेले आहे.