यादीसोबत टिपण हवे

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर चढले. त्या दिवसांत प्रशासनाला बोटींइतकीच गरज होती ती दूरध्वनी क्रमांकांच्या यादीची. कोयनेचे पाणी सुटते सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कऱ्हाडला ते कृष्णेस मिळते आणि शिरते ते सांगली जिल्ह्यातील वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील घरांत. इशारा पाण्याच्या पुढे धावावयाचा असेल, तर कोणत्या गावी कोणास कळवावयाचे हे आधीच ठाऊक असावे लागते. 2005 च्या कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार होतो. त्यातील संपर्क यादी एरवी कोणी उघडून पाहत नाही. प्रसंग आला की मात्र प्रथम तीच शोधली जाते.

आता या यादीचा वाचक बदलू पाहत आहे. राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. इतर खाती फार मागे राहतील असे नाही. सांगितलेल्या कामाच्या पायऱ्या स्वतः ठरवून ते उरकणाऱ्या संगणकीय मदतनिसाला 'एजंट' म्हणतात. त्याच्या हाती यादी द्यावयाची म्हणजे 'संपर्क दाखवा' अशा स्वरूपाचे एक छोटे साधन त्यास जोडून द्यावयाचे. अशी साधने जोडण्याची 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही सामायिक पद्धत अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये खुली केली. साधन काय करते, काय मागते आणि काय परत देते, हे एजंटाला कळते ते सोबतच्या टिपणावरून. हे टिपण म्हणजे किरकोळ बाब असा बहुतेकांचा समज असतो, आणि खरी अडचण तेथेच आहे.

कचेरीतील जुन्या कारकुनास कोणी 'वाळव्याचा क्रमांक द्या' म्हटले, तर तो आधी 'गाव की तालुका?' असे विचारील. वाळवा तालुक्याची कचेरी वाळव्यात नाही, ती इस्लामपुरात आहे. त्या इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. खानापूर तालुक्याचे ठाणे विटे. 2024 मध्ये तलाठ्याचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झाले, पण गावकऱ्यांच्या तोंडी तो तलाठीच राहिला. खुद्द सांगली जिल्हा 1949 पासून 1960 पर्यंत 'दक्षिण सातारा' होता, तेव्हा नावांचा हा घोळ या भागाला नवा नव्हे. कारकुनाला हे सारे मुखोद्गत असते. कोणत्याही रकान्यात ते लिहिलेले नसते. जेथे टिपण मुके, तेथे एजंट अंदाज करतो, आणि तो अंदाज खात्रीच्या सुरात सांगतो.

याहून घातक अशा दोन गोष्टी आहेत. यादी मोठी असली की असे साधन बहुधा एका वेळी काही ठरावीक नोंदीच देते, समजा पन्नास. उरलेल्या पुन्हा मागाव्या लागतात. हे टिपणात नसेल तर पन्नास गावांना इशारा देऊन काम पुरे झाल्याचा निर्वाळा एजंट देईल, आणि एकावन्नावे गाव अंधारात राहील. दुसरी गोष्ट रिकाम्या उत्तराची. नोंदच नाही, शोधण्याचे नाव चुकले, की यादीपर्यंत पोहोचताच आले नाही? तिन्ही प्रसंगी पडद्यावर काहीच दिसत नाही. परंतु पहिल्या प्रसंगी गावात माणूस धाडावा लागतो आणि तिसऱ्या प्रसंगी पुन्हा प्रयत्न करावा लागतो. पुराच्या रात्री हा फरक केवळ तांत्रिक राहत नाही.

यंत्राला सारे आपोआप उमगेल, असे काही उत्साही मंडळी म्हणतात. यंत्राला यादीपाशी फिरकूच देऊ नये, असे दुसऱ्या टोकाचे मत आहे. पहिले भाबडे आहे. दुसऱ्यात तथ्य आहे ते एवढेच की, यादी दिसणे आणि ती वापरण्याची मुभा असणे या भिन्न गोष्टी होत. पोलीस पाटलाने आपला क्रमांक दिला तो पुराच्या इशाऱ्यासाठी. कर्जवसुलीच्या किंवा प्रचाराच्या संदेशासाठी नव्हे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हे तत्त्व 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही आहे. पण कायदा पुस्तकात आणि एजंट कचेरीत, अशी फारकत राहू नये म्हणून ही मर्यादा टिपणात स्पष्ट शब्दांत यावयास हवी. आणि केवळ शब्दांवर न विसंबता साधनाच्या रचनेतच ती बांधलेली असावी.

मग हे टिपण लिहावयाचे कोणी? समाजाला लागणारे ज्ञान एका जागी नसते, ते विखुरलेले असते, हे अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी 1945 मध्ये मांडले. ते बाजारपेठेविषयी होते. पण तालुका कचेरीलाही ते लागू पडते. वाळव्याचा गुंता पुण्या-मुंबईच्या संगणक तज्ज्ञाला ठाऊक असण्याचे कारण नाही; तो ठाऊक असतो महसूल शाखेच्या टेबलामागे वीस वर्षे बसलेल्या लिपिकाला. यंत्राचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो, या लिपिकाचा वेळ मात्र कोठेच धरला जात नाही. 'फावल्या वेळात लिहून द्या' असे सांगितले की काय लिहून येते, हे शिक्षकवर्गाला वेगळे सांगावयास नको. त्यासाठी कचेरीच्या वेळेतले पंधरा दिवस द्यावेत, मराठीत लिहू द्यावे, प्रत्येक क्रमांक शेवटचा कधी पडताळला त्याची तारीख घालावी आणि खाली लिहिणाऱ्याचे पदनाम असावे.

पुढे ते यंत्राच्या हाती देण्याआधी, मे महिन्यातच, दुसऱ्या जिल्ह्यातून नुकत्याच बदलून आलेल्या लिपिकापुढे यादी आणि टिपण ठेवावे, व वाळव्याचा क्रमांक काढावयास सांगावे. तो अडखळला, तर टिपण पुन्हा लिहावे.