मोरीत ओतू नका

एक किलो वजनाचं बाळ सुरुवातीला दिवसभरात किती दूध पितं? चहाचे चार चमचे. तेही चमच्यानं पाजता येत नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत बसलेला नसतो. म्हणून तोंडातून पोटात सोडलेल्या बारीक नळीतून दर दोन तासांनी दोन मिलिलिटरहूनही कमी दूध देतात. सिस्टर घड्याळ बघते, थेंब उतरू देते आणि कागदावर पुढची वेळ लिहिते.

त्याच गावात त्याच वेळी कुणी ओली बाळंतीण न्हाणीघरात उभी असते. बाळ पिऊन झोपलंय, छाती दाटून दगड झालीय. ती दूध पिळते आणि मोरीत ओतून देते. पावशेर तरी असेल. पाणी टाकलं की काम झालं.

मला त्या मोरीबद्दल बोलायचं आहे.

सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ. जगात दहातलं एक मूल असं जन्मतं. २०२० साली आपल्या देशात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. 'सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही' ही आजीची समजूत आता सोडून द्यावी. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूनं असतो. पण लवकर आलेल्यांसाठीही आज हाताशी बरंच आहे. फुप्फुसं उघडी ठेवणारा द्रव, म्हणजे सर्फॅक्टंट, कमी असेल तर तो श्वासनलिकेतून देता येतो. बाळंतपण लवकर होणार अशी चिन्हं दिसली, तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन बाळाची फुप्फुसं आधीच तयार करता येतात. डोळ्याच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू लागल्या, तर वेळेवर लेसर करून नजर वाचवता येते. त्यासाठी अशा बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासायलाच हवेत. ही तारीख कुणी चुकवू नये.

आतड्यांचं दुखणं मात्र वेगळं. डॉक्टर त्याला 'एनईसी' म्हणतात. कोवळ्या आतड्याला सूज येते, त्याचा काही भाग मरतो, कधी भोक पडतं. काल दूध पचवणारं बाळ आज पोट फुगून निपचित पडतं. ऑपरेशन करून वाचलंच, तरी आतडं तोकडं पडू शकतं. याला हमखास थोपवेल असं औषध नाही. पण आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांमध्ये ते कमी होतं. आईचं दूध अपुरं पडलं आणि त्याच्या जागी डब्याची पावडर दिली, तर दुसऱ्या आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा हा धोका जवळपास दुप्पट होतो, असं आजवरच्या चाचण्या एकत्र पडताळल्यावर दिसलं आहे.

मोरीत गेलं ते हे औषध होतं.

ही गोष्ट मुंबईत फार आधी ओळखली गेली. धारावीच्या शेजारच्या सायन रुग्णालयात, म्हणजे पालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आईच्या दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. श्रीमंत देशांकडे बघून वाटेल, अशा सोयी आपल्याकडे शेवटी येतात. ही सोय आशियात सगळ्यांआधी आली ती महापालिकेच्या, गर्दीच्या दवाखान्यात. तिथं दूध देणाऱ्या बायकांच्या घरी फ्रीज असेलच असं नव्हतं. दूध मात्र होतं.

पेढीचं काम समजायला सोपं आहे. देणाऱ्या आईची तब्येत विचारतात, एचआयव्ही, कावीळ-बी आणि सिफिलिससाठी रक्त तपासतात. तंबाखू, मिश्री, दारू असेल तर नम्रपणे नको म्हणतात. तिच्या बाळाचं पोट आधी, उरलेलंच घेतात. जमलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून झटकन थंड करतात, जंतू उरले का ते तपासतात आणि उणे २० अंशांवर साठवतात. मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते सगळ्यांत लहान, सगळ्यांत आजारी बाळाला मिळतं. म्हणूनच शेजारणीचं दूध घरच्या घरी वाटीत मागून आणू नका. माया कितीही असो, तपासणी हवीच.

"पण दुसऱ्या बाईचं दूध? कोण कुठली?" हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर मोठ्यानं देते. सईबाई आजारी असताना तान्ह्या संभाजीराजांना दूध पाजलं ते कापूरहोळच्या धाराऊनं. महाराष्ट्रानं तिला आजही आईच्या मानानं आठवणीत ठेवलंय, तिच्या मुलांना राजांचे दूधभाऊ म्हटलंय. राजवाड्यात चाललं ते आपल्या घरात का चालू नये?

आता मागणं. प्रत्येकाला वेगळं.

ओल्या बाळंतिणींनो, दूध जास्त असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात मिल्क बँक आहे का, एवढं विचारा. घरी काढायचं असेल, तर भांडं कसं, किती वेळ, कुठं ठेवायचं हे त्यांच्याकडूनच समजून घ्या. एक किलोचं बाळ पुरतं दूध पचवू लागलं की त्याला दिवसाला दीडशे मिलिलिटरच्या आसपास लागतं, म्हणजे आमटीची एक वाटी. तुमची एक वाटी, कुणाचा तरी एक दिवस.

लवकर बाळंत झालेल्या आयांनो, "मला दूधच नाही" असं पहिल्याच दिवशी ठरवू नका. पहिल्या सहा तासांतच पिळायला सुरुवात करा, दिवसरात्र मिळून आठ वेळा. चार थेंब आले तरी तो चीक आहे. तो टाकू नका, सिस्टरकडे द्या. पेढीचं दूध तुमच्या दुधाची उणीव भरतं, त्याची बरोबरी करत नाही.

सासूबाई, आत्या, मावशी, तिला "पोराला वेळेआधी आणलंस" असं म्हणू नका. डिंकाच्या लाडवाइतकीच तिला झोपेची गरज आहे. आणि बाबा, तुम्हीही शर्टाची बटणं उघडून बाळाला उघड्या छातीशी धरू शकता. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात कांगारू पद्धत सुरू झाली, ती काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून. जन्मल्याबरोबर ती सुरू केली, तर बाळ स्थिर व्हायची वाट पाहण्यापेक्षा मृत्यू पाव हिश्श्यानं घटतात, हे २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या चाचणीतून दिसलं. छातीशी बाळ असलं की आईला दूधही जास्त येतं.

कचेऱ्यांच्या साहेबांनो, कायद्यानुसार बाळ वेळेआधी जन्मल्यानं आई आजारी पडली, तर तिला एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा आहे. ती तिनं मागण्याआधी तुम्ही सांगा. दूध काढायला दाराला कडी असलेली एक खोलीही द्या. तिला 'हिरकणी कक्ष' नाव द्यायचं आणि आत जुन्या फायली रचायच्या, हे नको.

आणि राज्यकर्त्यांनो, सरकारी रुग्णालयांत दुधाच्या पेढ्या कशा चालवाव्यात याचे राष्ट्रीय नियम २०१७ पासून लिहून तयार आहेत. फ्रीजर विकत आणणं सोपं असतं. पेढी चालते ती वॉर्डात खाटेखाटेशी बसून आयांशी बोलणाऱ्या बाईमुळे. तिची जागा भरा, तिचा पगार वेळेवर द्या. आणि या दुधाचा बाजार होऊ देऊ नका. मानवी दूध विकायला परवानगी नाही, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२४ मध्ये बजावलंच आहे. विकत मिळायला लागलं, तर गरीब आई स्वतःच्या लेकराच्या तोंडचं विकेल.

१७ नोव्हेंबरला जगभर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दिवस पाळतात. तोवर थांबू नका. आज तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कुणी बाळंतीण असेल, तर डिंकाचे लाडू घेऊन जा आणि निघताना एवढंच विचारा, "दूध उरतं का गं?"