सेल्समनवर हसताय, पण त्याच्या घरी कधी जाणार?

विनोदी सिनेमात सेल्समन आला की आपल्याला एकच सुचतं: त्याच्या तोंडावर दार आपटायचं. सई परांजपे १९८१ सालीच याच्या पुढे गेल्या होत्या. ‘चश्मे बद्दूर’मध्ये दीप्ती नवल घरोघर ‘चमको’ पावडर विकते. हसू येतं ते तिच्यावर नाही, समोरच्या बुजऱ्या फारूक शेखवर. २००९च्या ‘रॉकेट सिंग’नं सेल्समनला घर दिलं, आजोबा दिले. पण दोघंही शहरातले.

आता शहापूर-मुरबाडला या. मुरबाडला अजून रेल्वे नाही. बाईकवर सॅम्पलची बॅग, दुकान बंद, मध्येच रेंज गायब, आणि ऑफिसचा मेसेज: ‘लोकेशन ऑन ठेवा.’ मी असली ॲप्स लिहितो. स्क्रीनवर हा माणूस म्हणजे एक निळा ठिपका. ठिपका थांबला की साहेब चिडतो. तो चहाला थांबलाय की पोरीची फी भरायला, हे ॲपला कळत नाही. सिनेमाला कळू शकतं.

विनोदही तिथेच आहे. टार्गेटसाठी बायको, आई, मेहुणा सगळेच गिऱ्हाईक होतात आणि घरात साबण मावत नाही! मराठी सिनेमावाल्यांनो, यावर हसवा. माणसावर नको, त्याच्या टार्गेटवर.