मायलेकी आणि मोडकीतोडकी भाषा

मुलगी शिकली की सारे घर वर येते, हे आपण नेहमी म्हणतो. परंतु शिकलेल्या मुलीला आपल्याच आईच्या बोलण्याची लाज वाटू लागते, हेही अनेक घरांत घडते. त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. अमेरिकेत जाऊन राहिलेल्या चिनी कुटुंबांच्या कादंबऱ्यांनी हा विषय उघडपणे मांडला आहे. म्हणून आज त्यांतल्या दोन कादंबऱ्यांची ओळख वाचक बंधुभगिनींना करून देत आहे.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेत रेल्वेमार्ग घालण्यासाठी चिनी मजूर राबले. पण 1882 साली त्या सरकारने कायदा करून चिनी मजुरांना देशाची दारे बंद केली. चिनी स्त्रियांना येण्याची अडवणूक तर 1875 पासूनच सुरू झाली होती. 1943 साली हा बंदीचा कायदा रद्द झाला, तरी वर्षाला अवघ्या 105 चिनी लोकांना प्रवेश मिळे. 1965 च्या नव्या कायद्यानंतर कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. आईबाप शिवणकामाच्या कारखान्यांत, लाँड्रीत, हॉटेलांत राबत आणि मुले शाळेत इंग्रजी शिकत. मग घरी आलेले सरकारी पत्र कोण वाचणार? दहा-बारा वर्षांची लेक! ती दुभाषी होते आणि आई तिच्या तोंडाकडे पाहत उभी राहते. मायलेकींचे नाते असे उलटे होते.

एमी टॅन ही लेखिका अशाच घरात वाढली. तिचा जन्म कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे 1952 साली झाला. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात तिने आपल्या आईविषयी लिहिले आहे. आईचे इंग्रजी ऐकून दुकानदार, बँकवाले तिला नीट वागवत नसत. म्हणून लहानपणी एमी स्वतःच आई असल्याचे सोंग करून फोनवर बोले. प्रत्यक्षात ही आई शेअर बाजारावरील मासिके सहज वाचत असे! लोक अशा भाषेला ‘मोडकी’ म्हणतात, हे टॅनला खटकते. मोडते ती वस्तू. आईचे विचार कोठे मोडले आहेत, असा तिच्या सांगण्याचा आशय आहे. लहानपणी आपणही आईच्या भाषेवरून तिच्या बुद्धीचे मोजमाप केले, हेही ती मान्य करते.

टॅनची ‘द जॉय लक क्लब’ ही कादंबरी 1989 साली आली आणि जगभर गाजली. 1993 साली वेन वँग यांनी तिच्यावर चित्रपट काढला. सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या चार आया आणि त्यांच्या चार मुली यांची ही कथा आहे. त्यातली सुयुआन आपली मुलगी जून हिला पियानो शिकवायचे ठरवते. फी द्यायला पैसा नाही. मग ती पियानो शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांच्या घरी साफसफाई करते आणि त्या बदल्यात मुलीची शिकवणी मिळवते. मास्तर बहिरे आहेत, हे जूनच्या लक्षात येते आणि ती मनाला येईल तसे वाजवत राहते. कार्यक्रमात फजिती होते. पुढे भांडण जुंपते आणि जून आईच्या सर्वांत खोल जखमेवर घाव घालते. चीनवर जपानने आक्रमण केले, त्या वेळी पळता पळता आजारी पडलेल्या सुयुआनला आपल्या जुळ्या तान्ह्या मुली रस्त्याच्या कडेला ठेवाव्या लागल्या होत्या. त्या मेलेल्या मुलींसारखी मीही मेलेली बरी, असे जून म्हणते. आई गप्प होऊन खोलीबाहेर जाते.

खरे तर त्या मुली जिवंत असतात. आई आयुष्यभर त्यांचा शोध घेते, पण त्यांचे पत्र येते ते तिच्या मृत्यूनंतर! आईच्या मैत्रिणी जूनला सांगतात, तू चीनला जा आणि बहिणींना आईची माहिती सांग. जून म्हणते, मी काय सांगणार? मला आईविषयी काहीच ठाऊक नाही. हे ऐकून त्या बाया हादरतात. आपल्याही मुली उद्या असेच म्हणतील, ही भीती त्यांना वाटते. माझ्या मते साऱ्या कादंबरीचे मर्म या प्रसंगात आहे.

दुसरी कादंबरी जीन क्वॉक यांची ‘गर्ल इन ट्रान्सलेशन’. ती 2010 साली प्रसिद्ध झाली. लेखिका स्वतः लहानपणी न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीतील कपड्यांच्या कारखान्यात राबलेली आहे. कादंबरीतली किंबर्ली आईसोबत हाँगकाँगहून येते. तिथे संगीत शिकवणारी आई इथे सख्ख्या बहिणीच्या कारखान्यात नगावर मजुरी करते. बहीण आपल्या कर्जाचे हप्ते त्यातूनच कापून घेते. शाळा सुटली की किंबर्लीही कामाला हजर! घरात झुरळे आहेत, कडाक्याच्या थंडीत ऊब नाही. खेळण्यांच्या कारखान्याने फेकून दिलेले मऊ कापड आणून मायलेकी त्याचे अंगावर घालायचे कपडे शिवतात. ही मुलगी पुढे डॉक्टर होते. पण तिच्या यशात त्या आईची कितीतरी वर्षांची मजुरी आहे, हे लेखिका विसरू देत नाही.

अशा आया नुसत्या सोसत राहिल्या, असेही समजू नये. 1982 च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीतील सुमारे 20,000 कपडा कामगार संपावर उतरले. त्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. ज्यांना इंग्रजी येत नाही म्हणून मुकी समजले जाई, त्यांनी रस्त्यावर येऊन मालकांना करार करायला लावला.

तेव्हा लेकींनो, आईचे उच्चार सुधारण्याआधी तिला विचारा: तू कोठून आलीस, कोणते काम केलेस, कशावर पाणी सोडलेस? जूनला हे विचारायला आई उरली नव्हती. ज्यांची आई घरात आहे, त्यांनी आज रात्रीच तिच्याजवळ बसावे.