कानबाई कुठे बसणार?

परवा मैत्रिणीचं प्रमोशन झालं म्हणून ऑफिसची सगळी गँग एका नव्या रेस्टॉरंटमध्ये गेली. थीम काय, तर 'वाडा'! दारात तुळशीवृंदावन, भिंतीला गेरू, वेटरच्या डोक्यावर फेटा आणि हॉलच्या मधोमध एक काळाभोर सागवानी खांब. फुल एथनिक लूक! सगळ्यांनी खांबाला टेकून फोटो काढले. मीही काढला. आणि मग सहज खांबावरून हात फिरवला, तर खालच्या बाजूला बोटाला एक गुळगुळीत खाच लागली. दोरीची.

ती खाच मी ओळखते. तो घुसळखांब होता. कुणाच्या तरी घरी, कुणीतरी बाई रोज पहाटे त्याला दोरी बांधून ताक घुसळत होती. इतकी वर्षं, की सागाला खळगा पडला. आमच्या गावच्या घरातल्या खांबाला अश्शीच खाच आहे.

मॅनेजरला विचारलं, ''हा खांब कुठला हो?''

तो अभिमानानं म्हणाला, ''खान्देश साइडचा आहे मॅडम. एकदम जेन्युइन!''

पुढची सोलकढी काही घशाखाली उतरली नाही, बॉस.

कारण नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका लाकूड व्यापाऱ्याचा भाव आला होता. आमचं घर धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी. धाब्याचं घर. ज्यांना धाबं म्हटलं की हायवेवरची दाल फ्राय आठवते, त्यांच्यासाठी सांगते. हात-दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती, सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या आणि फळ्या, वर काटक्या-पाला आणि सगळ्यात वर खारी माती. म्हणजे सपाट मातीचं छप्पर. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा असल्या घराच्या माजघरात दुपारी चक्क झोप लागते. एसी नाही, कूलर नाही. धाब्यावर उन्हाळ्यात बिबडे आणि कुरडया वाळायच्या, रात्री आम्ही भावंडं झोपायचो.

आता तिथे कुणी राहत नाही. काका धुळ्याला, एक चुलतभाऊ नाशिकला, दोघं पुण्याला, एक न्यू जर्सीला. व्यापाऱ्यानं खांब, तुळया, दारं मोजून घनफुटावर हिशेब दिला. आकडा वाईट नव्हता. ग्रुपवर धडाधड अंगठे उमटले. अंगठा दाखवण्यात मीही होते, खोटं कशाला बोलू?

मग आजीची व्हॉइस नोट आली. एकच वाक्य, अहिराणीत. ''मंग कानबाई कथा बसाडशात?''

मग कानबाई कुठे बसवणार? ग्रुप एकदम सायलेंट.

खान्देशी नसलेल्यांसाठी थोडं बॅकग्राउंड. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी. तिला नथ, दागिने, नवं वस्त्र. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी आणि रोट. रात्रभर बाया अहिराणी गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. यातली मेख अशी, की कानबाई भावकीची असते. प्रत्येकानं आपापल्या फ्लॅटमध्ये एकेक बसवली, असं चालत नाही. सगळे एका घरात जमतात. आणि ती यायच्या आधी घर सारवून, रंगवून लख्ख करायचं. त्याच्याही आधी, पावसाच्या तोंडावर, धाब्यावर नवी खारी पसरायची.

लक्षात येतंय का? देवीच्या निमित्तानं घराचं वार्षिक मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टच झालं की हे! गेल्या काही वर्षांत आम्ही कानबाईला 'जमेल तसं' जायला लागलो आणि नेमकं तेव्हापासून धाबं गळायला लागलं. खारी पडली नाही की गवत उगवतं, पाणी मुरतं, कडी कुजते. चूल पेटत नाही म्हणजे धूर नाही आणि धूर नाही म्हणजे लाकडाला कीड.

हे धुराचं प्रकरण वाचून मला जपानमधलं शिराकावा-गो आठवलं. हात जोडल्यासारखी उतरती, गवताची प्रचंड छपरं असलेलं हे डोंगरातलं गाव. १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. कॅलेंडरवर तुम्ही नक्की पाहिलंय. तिथेही घराच्या मधल्या चुलीचा धूर वर चढतो आणि गवत, लाकूड, दोऱ्या टिकवतो. ते छप्पर साधारण तीस-चाळीस वर्षांनी बदलावं लागतं आणि ते एकट्या घरमालकाच्या आवाक्यातलं काम नाही. मग अख्खं गाव येतं. शंभराहून जास्त माणसं एकाच वेळी छपरावर! आज तुझं, उद्या माझं. या पद्धतीला ते 'युइ' म्हणतात. आपल्याकडे शेतात सावड चालते ना, तसंच. फक्त छपराची सावड.

त्याच देशात त्सुमागो नावाचं गाव आहे. जुन्या हमरस्त्यावरचं मुक्कामाचं ठिकाण. रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव ओस पडलं. पोरं शहरात, घरं पडायला आलेली. सेम टू सेम आपलीच स्टोरी. १९७१ मध्ये गावकऱ्यांनी मिळून तीन गोष्टी ठरवल्या. घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. कायदा नंतर आला, गावाचा शब्द आधी. जपानच्या १९५० च्या वारसा कायद्याची एक गोष्ट मला फार आवडते. त्यात इमारतींच्या जोडीला कलासुद्धा आहेत. म्हणजे घर जपायचं, तर ते बांधणारा, विणणारा, गाणारा माणूसही जपायचा. आपल्याकडे संरक्षित यादीत किल्ले आहेत, लेणी आहेत. आजोबांच्या घरातला घुसळखांब कुठल्या यादीत बसणार?

आता थायलंड. तिथली जुनी सागवानी घरं खिळ्यांशिवाय, खुंट्यांवर जोडलेली असायची. सुटी करायची, होडीत घालायची, दुसरीकडे उभी करायची. जिम थॉम्प्सन या अमेरिकन माणसानं अशीच सहा जुनी घरं गोळा केली, काही तर जुन्या राजधानीतून, अयुथ्थयाहून. बँकॉकच्या कालव्याकाठी ती जोडून १९५९ मध्ये स्वतःचं घर केलं. थाई रेशमाला जगाचं मार्केट मिळवून देणारा तो हाच. १९६७ मध्ये मलेशियाच्या डोंगरात फिरायला गेला तो परत आलाच नाही. घर मात्र आज म्युझियम आहे आणि बँकॉकला जाणारा प्रत्येक टूर ग्रुप तिथे जातो.

म्हणजे घर सुटं करणं हा काही गुन्हा नाही. थॉम्प्सननंही तेच केलं. फरक एवढाच, की त्यानं घराचं घरच केलं. आपल्याकडे एका घराचा खांब रेस्टॉरंटला जातो, दरवाजा फार्महाउसला, देवळीची चौकट इंटिरियरवाल्याकडे. माती गावातच राहते, ढिगारा म्हणून.

पण त्या म्युझियमच्याही गोष्टीला एक टोचणी आहे. कालव्याच्या पलीकडे बान क्रुआ ही विणकरांची वस्ती. थॉम्प्सनचं रेशीम तिथेच विणलं जायचं. एकेकाळी घरोघरी माग होते, आज हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. अलीकडचं घर टिकलं, पलीकडची कला आटली.

आपल्याकडे घरं जपली जात नाहीत, असं मात्र म्हणू नका. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं राहतं घर आता स्मृती संग्रहालय आहे. तिथे जाऊन जात्यासमोर दोन मिनिटं उभे राहा. लिहिता-वाचता न येणारी बाई दळता दळता, शेतात राबता राबता गाणी रचत होती. ती उतरवून ठेवली गेली म्हणून १९५२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर वर्षभरात, पुस्तक निघालं. जिचं कुणी उतरवून घेतलं नाही, अशी बाई खान्देशात प्रत्येक जात्यावर होती.

चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांचा बंगला आहे. मुंबईत जन्मलेले, इंग्लंडला कला शिकलेले हे पारशी गृहस्थ १९३८ च्या सुमारास चाळीसगावात आले आणि १९८९ मध्ये जाईपर्यंत त्या घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर छोटे छोटे देखावे मांडून असे फोटो काढायचे, की बघणाऱ्याला खराखुरा मुलूख वाटावा. तो बंगला आणि आतलं सगळं काम एका प्रतिष्ठाननं जपलंय. खान्देशी असून तुम्ही तो पाहिला नसेल, तर आधी तिकीट काढा. आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ! इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांमधून जुने कागद गोळा करत फिरले. १९२६ मध्ये धुळ्यातच गेले. धुळेकरांनी त्यांचं काम सांभाळलं. दप्तरं वाचली. ज्या वाड्यांत ती सापडली, त्यांतले किती उभे असतील?

पण प्रश्न असा, की आमच्या घरात कुणी बहिणाबाई झाली नाही की केकी मूस. तिकीट काढून कोण बघायला येणार? अशा साध्या घरांना म्युझियम होऊन वाचता येत नाही. ती वापरातच राहावी लागतात.

याचं उत्तर मला पुन्हा जपानमध्येच सापडलं. ॲलेक्स कर नावाच्या अमेरिकन पोरानं १९७३ मध्ये इया नावाच्या दुर्गम खोऱ्यात सुमारे तीनशे वर्षांचं पडीक घर घेतलं. तेव्हा तो कॉलेजात होता! छप्पर शाकारायला वर्षं गेली. पुढे यानंच थायलंडमध्ये पारंपरिक कला शिकवण्याचे कार्यक्रमही सुरू केले. पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. २०१२ मध्ये त्या घराची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा जुने खांब, जुनी चूल तशीच ठेवून जमिनीखाली हीटिंग घातलं आणि झकास मॉडर्न बाथरूम केलं. आता तिथे पाहुणे पैसे देऊन राहतात.

हे मी ग्रुपवर टाकलं. तर वहिनीचा रिप्लाय, ''बरोबर आहे. कमोड नाही, तर मीसुद्धा येणार नाही.''

हसू नका. घर का ओस पडलं, याचं खरं कारण त्या एका ओळीत होतं. आपण 'संस्कृती, संस्कृती' करत नॉस्टॅल्जिक पोस्ट टाकत होतो आणि घरातल्या बायकांना पहाटे अंधारात कुठे जावं लागतं, याबद्दल बोलत नव्हतो.

शेवटी काय झालं? पूर्ण हॅपी एंडिंग नाही. नाशिकच्या भावाला पैशांची खरंच गरज होती आणि त्याचा हक्क होता. मागचे दोन खण तसेही ढासळलेले. त्यांचं लाकूड विकून त्याचा वाटा दिला. ते लाकूड ट्रकमध्ये चढताना काका दुसरीकडे तोंड करून उभे होते. ओटा, ओसरी, माजघर आणि देवघर सामाईक ठेवलं. बाकीच्यांनी दरमहा थोडे थोडे पैसे काढायचे ठरवलं. मागे नवं बाथरूम झालं, कमोडसकट. धाबं टाकणारे गावात एकच बाबा उरलेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांना एकच विनंती केली, की हाताखाली दोन पोरं घ्या, त्यांची मजुरी आम्ही देतो. पोरांनी आधी कुरकुर केली. मग खारी कुठली घ्यायची, उतार कुठे ठेवायचा, हे शिकले. पहिल्या मोठ्या पावसात एका कोपऱ्यात गळलंच. बाबा वर चढले, पोरांना शिव्या दिल्या आणि पुन्हा करून घेतलं.

त्या श्रावणात कानबाई माजघरात बसली. रात्री आजीनं गाणं सुरू केलं. तिच्या मागून म्हणायला पूर्वी दहा बाया असायच्या. या वेळी काकू होती आणि मध्येच माझी आयटीवाली चुलतबहीण. तिला दोनच ओळी येत होत्या. त्या दोन ओळी ती प्रत्येक वेळी नेमक्या जागी म्हणत होती आणि बाकीच्या वेळी आजीच्या ओठांकडे बघत होती. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं होतं. आजी थांबून म्हणाली, ते ठेव बाजूला आणि तू पण म्हण.

करून बघा : गावी जाल तेव्हा घराचे नुसते सेल्फी नकोत, टेपनं मापं घ्या. खोल्या, खांब, दारं कागदावर उतरवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक वस्तूचं नाव विचारा आणि लिहून ठेवा. विकायचंच असेल, तर एकेक खांब नको. अख्खं घर घेऊन पुन्हा उभं करणारा कुणी मिळतो का, ते आधी बघा. आणि दुरुस्तीचं पहिलं बजेट बाथरूमला!

खान्देशी मंडळींनी आणखी एक करा. नागपंचमीनंतरचा रविवार कॅलेंडरवर आत्ताच मार्क करा आणि एचआरकडे सोमवारची रजा टाका. विसर्जन सोमवारी असतं.