एमएच-४५ ला पुण्यात एन्ट्री?

दिल्लीत हवा फारच बिघडली की ‘ग्रॅप’चा तिसरा टप्पा लागतो आणि बीएस-३ पेट्रोल, बीएस-४ डिझेलच्या चारचाकी गाड्या बंद. पुण्यातही हेच करा, असं आमच्या ऑफिसात दर थंडीत कुणीतरी म्हणतंच. तत्त्व मान्य! पण मंडळी, एका अकलूजकराची शंका ऐका.

बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये आधी मोजक्या १३ शहरांत आलं. त्यात मुंबई-पुण्याबरोबर चक्क आमचं सोलापूर! सगळ्या देशाला सक्ती झाली एप्रिल २०१७ मध्ये. म्हणजे २०११ साली सोलापुरात नवी गाडी घेतली तर बीएस-४च हवी. त्याच जिल्ह्यात अकलूजला मात्र बीएस-३ चालायची. हे काही मालकाने ठरवलं नव्हतं.

आता तीच पेट्रोल गाडी घेऊन वडिलांना पुण्याच्या दवाखान्यात आणणाऱ्याला हडपसरला अडवणार? बंदीपेक्षा दिवसाची फी घ्या. दवाखान्याचा कागद असेल तर तीही नको. हडपसरला स्वस्त पार्किंग आणि रात्री उशिरापर्यंत बस द्या. आणि हो, सुरुवात पुण्यातल्याच धूर ओकणाऱ्या गाड्यांपासून करा, त्यांना तर पाहुणे म्हणूनही सूट नाही :)